पोर्ट ३३८९ आणि एका सीए ऑफिसचा सर्व्हर

नाशिकमधल्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात मी गेले होते ती प्रिंटरच्या तक्रारीसाठी. घरून काम करणाऱ्यांनी टॅलीतून प्रिंट दिली की ती ऑफिसच्या प्रिंटरवर न येता त्यांच्याच घरच्या प्रिंटरवर निघते, एवढेच मला फोनवर सांगण्यात आले होते. सर्व्हरसमोर बसले, सवयीने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदी दाखवणारा पडदा, उघडला आणि सिक्युरिटी लॉगमध्ये एकाखाली एक ४६२५ क्रमांकाच्या नोंदी दिसू लागल्या. ४६२५ म्हणजे फसलेले लॉगिन. एखाद्याने सकाळी कॅप्स लॉक चालू ठेवून पासवर्ड टाकला तर अशा दोन-चार नोंदी पडतात, त्यात विशेष काही नाही. येथे मात्र रिफ्रेश केले की यादी आणखी लांबत होती आणि प्रत्येक नोंदीत नाव वेगळे होते : ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, यूजर, टेस्ट, बॅकअप, स्कॅनर, रिसेप्शन. या ऑफिसात रिसेप्शन नावाचे खाते सोडाच, रिसेप्शनसुद्धा नाही. दारातून आत आले की थेट फायलींच्या कपाटाला धडक बसते.

राउटरमध्ये पाहिले तेव्हा कारण समोर आले. टीसीपी ३३८९ हे पोर्ट, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे (आरडीपी, दूरवरून यंत्र चालवण्याची सोय) नेहमीचे दार, बाहेरच्या इंटरनेटवरून सरळ सर्व्हरकडे फॉरवर्ड केलेले होते. हे कोणी आणि कधी केले हे विचारल्यावर साहेब म्हणाले, "लॉकडाऊन लागला ना, त्या आठवड्यात." २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आर्थिक वर्ष संपायला आठवडा उरला होता आणि सगळा हिशेब ऑफिसातल्या एका यंत्रात अडकलेला होता. कोणीतरी फोनवरून सांगत गेले, कोणीतरी राउटरमध्ये टाइप करत गेले आणि अर्ध्या तासात काम सुरू झाले. त्या आठवड्यात मीही कोणाला याहून फार वेगळे सांगितले असते, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. चूक झाली ती नंतर. टाळेबंदी उठली, माणसे ऑफिसात परतली आणि पोर्ट मात्र तसेच उघडे राहिले.

आत कोणी शिरले होते का, हा पहिला प्रश्न. सिक्युरिटी लॉगने उत्तर दिले नाही, कारण त्या लॉगची मूळ मर्यादा २० एमबी असते आणि फसलेल्या लॉगिनच्या लोंढ्यात जुन्या नोंदी केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : दारावर सतत थापा मारणारा माणूस आत आला नाही तरी आधी कोण येऊन गेले याच्या पाऊलखुणा मात्र तो पुसून टाकतो. सुदैवाने विंडोजमध्ये टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर नावाचा एक वेगळा लॉग असतो. त्यात २१ क्रमांकाची नोंद पडते ती केवळ यशस्वी लॉगिनची, सोबत आयपी पत्त्यासह. फसलेले प्रयत्न त्यात येत नसल्याने तो बराच मागे जातो. त्या ऑफिसात तो कित्येक महिने मागे गेला. आम्ही दोघांनी प्रत्येक पत्ता तपासला; सगळे नाशिकच्या ब्रॉडबँडचे किंवा मोबाइल कंपन्यांचे निघाले. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी टाकला नाही, कारण सर्वांचे खाते एकच होते, ॲडमिनिस्ट्रेटर, आणि पासवर्ड म्हणजे फर्मचे नाव व पुढे १२३.

असे सांगितल्यावर लोक साधारणपणे दोन उपाय सुचवतात. पहिला, पोर्ट बदलून टाका. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, एक आकडा बदलला की रिमोट डेस्कटॉप ३३८९ ऐवजी दुसरीकडे ऐकू लागतो आणि लॉग दोन-चार दिवस शांत होतो. परंतु शोडानसारखी शोधयंत्रे सगळे इंटरनेट सतत चाचपत असतात आणि पोर्ट कोणतेही असो, पलीकडून आलेल्या उत्तरावरून आत आरडीपी आहे हे त्यांना ओळखता येते. दुसरा उपाय म्हणजे पासवर्ड कडक करा. तो करायलाच हवा, पण काही भोकांना पासवर्ड लागतच नाही. मे २०१९ मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी अशीच होती. लॉगिनच्या आधीच यंत्राचा ताबा घेता येत होता आणि एका यंत्रातून दुसऱ्यात ती आपोआप पसरू शकली असती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला, यावरून प्रकरणाचे गांभीर्य कळते. ब्लूकीप जुन्या विंडोजपुरती होती, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तशाच दोन त्रुटी सापडल्या आणि त्यांत सर्व्हर २०१९ सुद्धा आला. या ऑफिसचा सर्व्हर २०१९ च आहे. पुढची त्रुटी कधी सापडेल आणि तिचा पॅच साहेबांच्या ऑडिटच्या गर्दीत कधी पडेल, या दोन तारखांच्या मधले दिवस पोर्ट उघडे ठेवून काढायचे का, एवढाच माझा प्रश्न होता. माझ्या मते आरडीपीचे पोर्ट इंटरनेटवर दिसताच कामा नये. बाकी सगळ्या गोष्टी त्याच्या नंतर.

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा मार्ग म्हणजे रिमोट डेस्कटॉप गेटवे. तो ४४३ या पोर्टवरून एचटीटीपीएसच्या आत आरडीपी नेतो आणि मोठ्या कंपन्यांमध्ये, जिथे डोमेन, म्हणजे सगळी खाती एका ठिकाणाहून सांभाळण्याची व्यवस्था, आहे, प्रमाणपत्रे सांभाळणारा माणूस आहे, तिथे तो चांगलाच चालतो. पण गेटवे स्वतःच इंटरनेटसमोर उभा असतो आणि जानेवारी २०२० मध्ये त्यातही लॉगिनपूर्व त्रुटी सापडल्या होत्या. सात माणसांच्या ऑफिसासाठी मी वायरगार्ड निवडले. हे एक व्हीपीएन : घरचे यंत्र आणि ऑफिस यांच्यात इंटरनेटवरून एक कुलूपबंद बोगदा, म्हणजे टनेल, तयार करते. मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.६ बरोबर ते लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाले. त्याचा मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे त्याचे मौन. ओळखीची किल्ली नसलेल्या कोणाचेही पॅकेट आले तर ते उत्तर देत नाही, नकारही देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. या मौनाने पुढे मला एकदा चांगलेच नाचवले, पण ते शेवटी सांगते.

ऑफिसचा जुना राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला होता आणि त्यात वायरगार्डची सोय नव्हती. मायक्रोटिकचा छोटा राउटर घेतला. त्यातल्या राउटरओएस या प्रणालीत ७ व्या आवृत्तीपासून वायरगार्ड अंगचेच आहे. सर्व्हरवरच वायरगार्ड बसवता आले असते आणि खर्च वाचला असता. तरी मी ते टाळले, कारण बाहेरच्या जगाशी बोलणारे यंत्र आणि हिशेब ठेवणारे यंत्र वेगळे असावे. स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, टाळेबंदीतच घेतलेला होता, म्हणून एक मोठी अडचण वाचली. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटण्याच्या व्यवस्थेच्या, मागे असतात. राउटरवरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात दिसला तर तो पत्ता खरे तर तुमचा नाही, कंपनीचा सामायिक आहे, आणि बाहेरून आत येणारी कोणतीही जोडणी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. अशा वेळी स्थिर आयपी मागून घ्यावा किंवा बाहेर एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवावा.

खरा वेळ गेला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत. ऑफिसचे नेटवर्क १९२.१६८.१ या पट्ट्यात होते आणि निम्म्या कर्मचाऱ्यांच्या घरचे वाय-फायही त्याच पट्ट्यात. घरून सर्व्हरचा पत्ता मागितला की लॅपटॉपला प्रश्न पडणार की हा पत्ता घरातला की टनेलच्या पलीकडचा. केवळ सर्व्हरच्या एकाच पत्त्याचा मार्ग टनेलमधून दिला तर बहुतेक वेळा चालून जाते, पण एखाद्याच्या घरच्या टीव्हीला नेमका तोच पत्ता मिळालेला असला की टीव्ही गायब होतो आणि दोष मात्र माझ्यावर येतो. म्हणून ऑफिसचाच पट्टा १९२.१६८.४७ असा बदलला. ऐकायला ही एका ओळीची गोष्ट आहे, पण करायला घेतल्यावर दोन प्रिंटर, हजेरीचे बोटाचे मशीन आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर या सगळ्यांना कोणीतरी कधीतरी हाताने पत्ते दिले होते असे निघाले. हजेरीच्या मशीनचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. तो शनिवार त्यातच संपला.

राउटरवर बाहेरून आत येण्यासाठी एकच वाट ठेवली, यूडीपी ५१८२० ही वायरगार्डची. टनेलमधून आत आलेल्यालाही सगळे नेटवर्क दिसू नये, यासाठी नियम असा लिहिला की टनेलमधून केवळ सर्व्हरच्या ३३८९ वर, टीसीपी आणि यूडीपी या डेटा नेण्याच्या दोन्ही पद्धतींनी, जाता येईल. बाकी सर्व बंद. यूडीपी विसरले तर काम अडत नाही, पण मोबाइल नेटवर्कवर स्क्रीन सरकवताना फरक जाणवतो. व्हीपीएन बसवणारे बरेच जण येथे थांबतात आणि आत आलेल्याला सगळे ऑफिस मोकळे करून देतात. एखाद्या आर्टिकलच्या (सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवाराच्या) घरच्या लॅपटॉपवर, ज्यावर त्याचा धाकटा भाऊ गेम उतरवतो, व्हायरस आला तर त्याला डीव्हीआर आणि प्रिंटरपर्यंत जाण्याची परवानगी कशासाठी द्यायची?

किल्ल्यांच्या बाबतीत नियम एकच : एक माणूस, एक यंत्र, एक किल्ली. एकच कॉन्फिग फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून सर्वांना वाटण्याची सूचना आली होती, ती मी फेटाळली. तशी फाइल दोन यंत्रांवर एकाच वेळी चालवली तर दोघांची जोडणी आळीपाळीने तुटत राहते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक जण सोडून गेला की सर्वांच्या किल्ल्या बदलाव्या लागतात. सीए ऑफिसात आर्टिकल तर ठरलेल्या मुदतीने बदलतच असतात. आता कोणी गेले की राउटरमधली त्याची एक ओळ काढली की झाले. कोणत्या लॅपटॉपची कोणती किल्ली, हे मी एका वहीत लिहून ती साहेबांच्या कपाटात ठेवली आहे. वहीत केवळ सार्वजनिक किल्ल्या आहेत, ज्या कोणी पाहिल्या तरी बिघडत नाही. खाजगी किल्ली ज्या त्या लॅपटॉपवरच तयार केली आणि तिथून हलवली नाही.

विंडोजवर वायरगार्ड चालू-बंद करण्यासाठी मुळात ॲडमिन अधिकार लागतात आणि ते प्रत्येकाला द्यायचे म्हणजे आधीचाच गोंधळ. यावर वाट आहे. रजिस्ट्रीत वायरगार्डच्या नोंदीखाली लिमिटेड ऑपरेटर यूआय नावाचे मूल्य १ करायचे आणि त्या व्यक्तीचे खाते नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स या गटात घालायचे. मग तिला टनेल सुरू आणि बंद एवढेच करता येते, किल्ली पाहता येत नाही. एका आर्टिकलला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॉगिननंतर नुसतीच काळी स्क्रीन दिसत होती. पासवर्ड घेतला जायचा आणि पुढे काहीच नाही. हे एमटीयूचे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या गडबडीचे, लक्षण आहे : लहान पॅकेट जातात, मोठी वाटेत गळतात. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२० असतो. तो १२८० केल्याबरोबर टॅलीचा निळा पडदा आला.

सर्व्हरवरची दुरुस्ती तुलनेने सोपी, पण लायसन्सच्या भागाने डोके उठवले. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोन रिमोट सेशन मिळतात. त्याहून अधिक माणसांना रोजचे काम करायचे असेल तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस बसवून वेगळी लायसन्स घ्यावी लागतात. सवलतीची मुदत १२० दिवसांची. आधीच्या एका तंत्रज्ञाने दर चार महिन्यांनी येऊन रजिस्ट्रीतली एक नोंद पुसायची आणि मुदत पुन्हा सुरू करायची अशी युक्ती चालवली होती; साहेबांच्या समजुतीप्रमाणे ती "सर्व्हिसिंग" होती. साहेब स्वतः इतरांच्या वह्या तपासतात, त्यामुळे त्यांना फार समजवावे लागले नाही. लायसन्स घेताना मात्र एक खाचखळगा आहे. डोमेन नसलेल्या सर्व्हर २०१९ वर माणशी लायसन्स लावले तर एका तासानंतर सेशन तोडले जाईल असा इशारा येतो आणि तासाभराने ते खरोखरच तुटते. अशा ठिकाणी यंत्रावारी लायसन्स घ्यावे लागते. हे खरेदीच्या आधी कळले तर बरे असते. मला आधी कळले, कारण दुसऱ्या एका ऑफिसात नंतर कळले होते.

प्रत्येकाला स्वतंत्र, साधे खाते दिले आणि ते रिमोट डेस्कटॉप यूजर्स या गटात घातले. मूळच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याला रिमोटवरून येण्यास मनाई केली. देखभालीसाठी माझे वेगळ्या नावाचे खाते आहे. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन सक्तीचे ठेवले, म्हणजे ओळख पटेपर्यंत सर्व्हर लॉगिनचा पडदासुद्धा काढत नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्येही आरडीपीचा नियम टनेलच्या आणि ऑफिसच्या पत्त्यांपुरता मर्यादित केला, जेणेकरून उद्या राउटरमध्ये कोणी चुकून पुन्हा फॉरवर्ड टाकला तरी सर्व्हर ऐकणार नाही. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते पंधरा मिनिटे बंद होते. हा लॉकआउटचा उपाय पोर्ट उघडे असताना मी लावला नसता, कारण तेव्हा बाहेरचा कोणीही नुसते नाव टाकून तुमच्याच माणसाला दिवसभर कुलूपबंद करू शकतो. पोर्ट झाकल्यानंतर तो खरा उपयोगी पडतो. पासवर्ड घरच्या वस्तूंच्या चार-पाच असंबद्ध मराठी शब्दांचा, रोमन लिपीत सलग लिहिलेला, असा सुचवला. तसा तो लांब होतो, लक्षात राहतो आणि इंग्रजी शब्दांच्या याद्यांत सापडण्याची शक्यता कमी.

घरच्या यंत्रावरची ड्राइव्ह सर्व्हरला जोडण्याची सोय बंद केली, यावर बरीच कुरकुर झाली. बँक स्टेटमेंट आणायचे कसे, हा प्रश्न रास्त होता. त्यासाठी फाइली ऑफिसच्या ईमेलवर मागवायच्या असे ठरले. ज्या प्रिंटरसाठी मी मुळात गेले होते त्याची दुरुस्ती ग्रुप पॉलिसीतल्या एका ओळीची निघाली : घरचा प्रिंटर सेशनमध्ये मुख्य प्रिंटर करू नये. फुलीवर क्लिक करून निघून जाणाऱ्यांची सेशन रात्रभर टॅली उघडी ठेवून पडून राहत असत. तुटलेले सेशन दोन तासांनी संपवावे अशी मर्यादाही घातली. दोनच दिवसांत कोणाचीतरी अर्धवट व्हाउचर एंट्री गेली आणि मर्यादा चार तासांवर आली.

लॉगचा आकार वाढवला आणि रोज रात्री त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवण्याची आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवण्याची अट आहे. टॅलीच्या डेटाचा बॅकअप आधी सर्व्हरलाच जोडलेल्या ड्राइव्हवर होता, जो खंडणीखोर व्हायरसने, म्हणजे रॅन्समवेअरने, सर्व्हरबरोबरच कुलूपबंद केला असता. आता बॅकअपचे यंत्र सर्व्हरकडून प्रत ओढून घेते. सर्व्हरला त्या यंत्रावर लिहिण्याचा अधिकार नाही.

शेवटी मी ऑफिसबाहेर गाडीत बसून मोबाइलच्या इंटरनेटवरून ऑफिसचा पत्ता स्कॅन केला. ३३८९ नाही, राउटरचे वेबपान नाही, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ च्या तीनच नोंदी होत्या. तिन्ही अण्णांच्या.

अण्णा म्हणजे त्या ऑफिसातले सर्वांत जुने अकाउंटंट, सिन्नरहून येतात, आणि घरी त्यांच्याकडे एक जुना डेस्कटॉप आहे. नवीन पासवर्ड त्यांनी दोन दिवसांत आत्मसात केला. तीन महिने सर्व काही नीट चालले आणि जुलैच्या एका रात्री, रिटर्नची गर्दी ऐन भरात असताना, त्यांचा फोन आला : "ताई, तुमचं ते वायरगार्ड चालू दिसतंय, पण सर्व्हर येत नाही." मी राउटर पाहिला. बाकी सगळे जोडलेले होते आणि अण्णांकडून हँडशेकच, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीची ओळखपाळख, पूर्ण होत नव्हता. किल्ली बरोबर, पत्ता बरोबर, पोर्ट बरोबर. वायरगार्ड चूक सांगत नाही, ते गप्प राहते. जो गुण मी कौतुकाने सांगत फिरत होते त्याच्यापुढे मी तासभर बसले. तेवढ्यात अण्णा सहज म्हणाले, की आज बँकेची साइटसुद्धा उघडत नाही, लाल काहीतरी येते.

"अण्णा, खाली उजवीकडे तारीख काय दिसते?"

"तारीख ना... एक जानेवारी दोन हजार पंधरा."

वायरगार्डच्या प्रत्येक हँडशेकच्या सुरुवातीला पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ असते आणि ती आधीच्या हँडशेकच्या वेळेपेक्षा पुढची असावी लागते, म्हणजे कोणी जुने पॅकेट पकडून पुन्हा पाठवले तर ते नाकारले जावे. दुपारी सिन्नरला वीज गेली होती, मदरबोर्डवरचा सेल संपलेला होता आणि अण्णांचा डेस्कटॉप कित्येक वर्षे मागे गेला होता. राउटरच्या दृष्टीने तो भूतकाळातून आलेला तोतया होता. घड्याळ इतके मागे पडले की विंडोज ते आपोआप दुरुस्त करत नाही. फोनवरून तारीख हाताने नीट करून घेतली आणि काही सेकंदांत हँडशेक झाला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्टँडवरच्या घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ चा सेल आणून स्वतःच बसवला, आणि जुना सेल मला दाखवायला म्हणून कागदात गुंडाळून ऑफिसात घेऊन आले.